कधी न भरलेली टाकी

मी मागल्या दारची टाकी बोलतेय. हो, तीच. संडासाची. नाक मुरडलंत तरी चालेल, मला सवय आहे. चार माणसांत माझा विषय कुणी काढत नाही, आणि काढलाच तर आवाज खाली करून काढतं. उद्या मला पुरतं बुजवणार आहेत. म्हणून म्हटलं, त्याआधी आपलं आपणच सांगून घ्यावं.

एक आधीच सांगते. माझ्याकडून रडारडीची अपेक्षा ठेवू नका. मला आता फारसं काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं. ते वाटणं कसं गेलं, तेही ओघात येईलच.

डिचोली तालुक्यात, नार्व्याच्या थोडं अलीकडे, डोंगराच्या उतरणीवर एक चिऱ्यांचं घर आहे. रघुनाथ राऊळाचं. माणूस मूळचा दोडामार्गाकडचा. खाणी धडाक्यात चालू होत्या तेव्हा इकडे आला, खाणीवरून जेटीपर्यंत खनिजाचे ट्रक चालवले आणि याच गावात जागा घेऊन घर बांधलं. घराचं तोंड खालच्या रस्त्याकडे, पाठ डोंगराकडे. पुढे अंगण, अंगणात तुळस, आणि तुळशीच्या उजव्या हाताला विहीर.

त्या विहिरीची जागा देवाला विचारून ठरली होती. इकडे तशीच रीत आहे. देवळात कौल लावला, देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्या, उजवी पाकळी पडली आणि इथे कुदळ पडली. पाणी लागलं ते इतकं गोड, की रघुनाथची बायको पार्वती पहिल्या दिवशी तांब्यामागून तांब्या पीतच सुटली. पुढे घरात नळ आला, पण पिण्याला, देवाला आणि भाताला पाणी विहिरीचंच. नळाचं पाणी म्हणजे तिच्या लेखी शिळं. ते भांडी घासायला.

माझी जागा मात्र कुणी देवाला विचारली नाही. देवाला असलं विचारतात होय? संडास म्हटलं की मागल्या दारी, हे ठरलेलंच. तुळशीसमोर आणि गणपती ज्या वाटेने घरात येतो तिथे असली गोष्ट कोण करणार? आमच्या घराची मागची बाजू म्हणजे डोंगराचं अंग. म्हणजे मी वर, घर मध्ये, विहीर खाली. तिन्ही एका उतारावर. घरातल्या घरात सगळं रीतीला धरून झालं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मला बांधलं केरबाने. बेळगावकडचा गवंडी, हात साफ, तोंडात कायम तंबाखू. खड्डा खणून झाल्यावर रघुनाथने त्यात पाणी ओतून बघितलं. आमची जमीन जांभ्याची, आतून सगळी भोकाभोकांची. पाणी बघता बघता गेलं. दोघेही खूश झाले.

"तळाला काँक्रीट घालायचं का मालक?" केरबाने विचारलं.

"घालूक होया काय?"

"आमच्याकडं तर कोण घालत न्हाई. खाली मुरलं म्हंजे टाकी भरायची भानगडच न्हाई बघा. गाडी बोलवा नको, घाण उपसा नको."

"मगे नको," रघुनाथ म्हणाला.

अशी मी बिनतळाची जन्मले.

माझं काम म्हटलं तर सोपं. येईल ते पोटात घ्यायचं. जड असतं ते तळाशी बसतं, हलकं असतं ते सायीसारखं वर येतं, आणि मधलं पाणी तेवढं शेजारच्या शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. माझ्या पोटात असंख्य बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते त्या घाणीवरच जगतात आणि ती खाऊन खाऊन निवळवतात. खरं काम त्यांचं, मी नुसतं भांडं. ते होते तोवर माझ्या आत सारखी चुळबुळ असायची. मला ती आवडायची. पण माझ्या भांड्याला बूडच नव्हतं. जे धरून ठेवायचं तेही चिऱ्यांच्या भेगांतून खाली जायचं, घराच्या पोटाखालून, उताराने.

वरती कुणाला काय त्याचं. उलट रघुनाथला माझा केवढा अभिमान! रस्त्यापलीकडे सुलोचनाचं घर आहे. तिची टाकी पक्की बांधलेली, त्यामुळे अधूनमधून भरायची, मग ती उपसायला गाडी यायची आणि सगळी वाडी नाकाला फडकी लावून फिरायची. रघुनाथ मुद्दाम रस्त्यावर उभा राहून तिला चिडवायचा. "काय वयनी, परत गाडी? आमची बघा, आजून भरूक नाय!" सुलोचना बिचारी ओशाळायची. खरं तर न भरणाऱ्या टाकीचीच काळजी करायला हवी, पण हे तिलाही ठाऊक नव्हतं.

आता पार्वतीबद्दल. बाई स्वच्छतेची भारी. संडासात पाय ठेवला की आंघोळ, आणि दर आठवड्याला फिनेलची बाटली उपडी. सणासुदीला वर ॲसिड. तिला वाटायचं, घाण मरते. मरायचे ते माझ्या पोटातले जीव. सुरुवातीला ते पुन्हा धरायचे, हळूहळू वाढायचे. तोवर पुढची बाटली यायची. असं किती वर्षं चाललं कुणास ठाऊक. मग एकदा चुळबुळ थांबली ती थांबलीच. पायाला मुंग्या येऊन पाय मेल्यासारखा होतो ना, तसं झालं. पहिल्यांदा मी घाबरले, मग घाबरणंही गेलं. तेव्हापासून वरून येईल ते जसंच्या तसं माझ्यातून खाली जायला लागलं.

खाणी बंद झाल्या तेव्हा मी अशीच होते. ट्रक रस्त्याकडेला उभा राहिला, त्याच्या चाकांवर वेली चढल्या, आणि रघुनाथ दिवसभर व्हरांड्यात बसून राहू लागला. एका उन्हाळ्यात बसल्या जागीच छातीत कळ येऊन गेला. पार्वती मागल्या दारी येऊन ओक्साबोक्शी रडली. मी ऐकलं. बस, ऐकलं.

त्याचा मुलगा दत्तप्रसाद औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात कामाला होता. त्याने लग्न केलं पेडण्याकडच्या मुलीशी. गौरवी तिचं नाव, कोरगावची. हसरी पोर. आल्या आल्या माझ्या बाजूला अळू लावलं, आणि ते फोफावलं की सासूला म्हणाली, "बघा आई, तुमच्या मागल्या दाराक केवढो कस असा!" पार्वतीही हसली होती.

वर्षभरात गौरवीला दिवस गेले. सातव्या महिन्यात गावच्या जत्रेत देवीची ओटी भरून आली, आणि पुढे काही आठवड्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ. घरातल्या बाकीच्यांना काही झालं नाही, किंवा झालं ते कुणी धरलं नाही. पोटुशीला ती कावीळ फार वाईट. तिला मोठ्या इस्पितळात नेलं. ती वाचली. बाळ गेलं.

डॉक्टरांनी दत्तप्रसादला विचारलं होतं, पाणी कुठलं पिता? विहीर तपासून घ्या. त्याने घरी येऊन सांगितलं, तेही चाचरत. पार्वती उसळली. "बावीचा पाणी? देवाचो कौल घेवन काढलेली बाव ती! तुझ्या बापाशीन त्या पाण्यार संसार केलो. तिणां जत्रेत भजी खाल्लीहत, उघड्यार ठेवलेली, त्येचा झाला." आईशी वाद घालायची त्याची ताकद कधीच नव्हती. आणि पार्वती भेटेल त्याला तेच सांगत सुटली, पोटुशी बाईने जत्रेत खावं का, आजकालच्या पोरींना सांगायचं तरी काय. सगळ्या वाडीला ते पटलं. पटायला सोपं होतं.

गौरवीने एकदाच काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं, ते मिटलंच.

दुपारी जेवणं आटपली की ती मागल्या दारी यायची आणि माझ्या झाकणावर बसायची. तिथे कुणी येत नाही म्हणून. रडायची नाही. अळूची पानं बघायची, कधी एखादं तोडून बोटांत चुरगळायची. तिच्यात आणि माझ्यात झाकणाची तेवढी लादी. दोघीही सारख्याच बधिर. मला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. खोटं कशाला सांगू?

पुढच्या वर्षी तिला परत दिवस गेले. या वेळी तिसरा महिना लागताच तिने माहेरी जायची तयारी केली. दत्तप्रसाद तिला समजावायला मागल्या दारी आला.

"इतक्या बेगीन कशाक? लोक काय म्हणतले?"

"म्हणांदेत," ती म्हणाली. "ह्या घरात पिवक दुसऱ्या पाण्याची सोय होयपर्यंत मी येवचंय नाय. बाळाकय आणूचंय नाय."

तिचा आवाज चढला नाही, कापला नाही. दत्तप्रसादने तिची पिशवी उचलली आणि तिला पेडण्याच्या बसमध्ये बसवून आला. पार्वतीने ते शब्द स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकले होते. त्या दिवशी तिने भांडी अशी आदळली की पाइपातून मला ऐकू येत होती. नात-नातू बघायला मिळाला नाही तरी चालेल, पण विहिरीला नाव ठेवू देणार नाही, असं पार्वती सुलोचनाला सांगत होती. सांगताना मात्र रडत होती.

मग चवथ आली. गणपती यायचा म्हणजे घर कसं लख्ख पाहिजे. पार्वतीने गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान जमवलं, भिंती पुसल्या, आणि पावणे येणार, सगळे संडास वापरणार, म्हणून फिनेलचा अख्खा कॅन आणला. तो सगळा माझ्यात ओतला. वरून पावसाची झड लागली होती, डोंगरातून पाणी घुसळत खाली चाललं होतं. मी फिनेल धरून ठेवलं नाही. कशाने ठेवणार?

चवथीच्या पहाटे पार्वती कळशी घेऊन मागल्या दारी आली. सोवळ्यात होती. सोवळ्यात ती एरवी या बाजूला ढुंकून बघत नाही. कळशीत विहिरीचं ताजं पाणी होतं, देवाच्या पूजेचं. तिने कळशीत नाक घातलं. मग खाली बसून माझ्या झाकणाच्या फटीशी नाक नेलं. पुन्हा कळशी. पुन्हा मी. हा वास दुसऱ्या कुणाला कळला नसता, पण ती फिनेल वर्षानुवर्षं आपल्या हाताने ओतत आली होती. तिला तो झोपेतही ओळखता आला असता.

"रे देवा," ती एवढंच म्हणाली.

कळशी तिने अळवात ओतली. जाऊन दुसरी भरून आणली, तिलाही तोच वास. मग ती तशीच माझ्या लादीवर बसली, सोवळ्यासकट. आतून दत्तप्रसाद हाका मारत होता, "आये, पाणी खंय? भटजी इले!" ती उठली, आत गेली, आणि त्या वर्षी देवाची पूजा नि नैवेद्य नळाच्या पाण्यावर झाले. कुणाला कळलं नाही. पावण्यांनी सणाच्या मिसळ भाजीचं खतखतं मागून मागून खाल्लं.

गणपती पोचवून आल्यावर तिने मुलाला सांगितलं, "टाकी घालणाऱ्या माणसाक बोलाय."

माणूस आला. सुधीर त्याचं नाव, साखळी गावात दुकान. तो आणि दत्तप्रसाद माझ्या लादीवर उभे राहून बोलत होते, पार्वती दारात. सुधीरच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. काळी प्लास्टिकची तयार टाकी, उचलून आणली, ठेवली, झालं. नाहीतर जंतू घालून मिळणारी नवी टाकी, दहा वर्षं बघायला नको. नाहीतर आपली चिऱ्यांची, पण तीन कप्प्यांची, तळाला नि भिंतींना पक्कं प्लास्टर. दत्तप्रसाद मोबाइलवर बरंच वाचून आला होता. घरात माणसं किती, पावणे किती येतात, पावसात जमिनीतलं पाणी किती वर चढतं, असं विचारत होता. रिकामी प्लास्टिकची टाकी पावसात जमिनीतून वर उचलली जाते म्हणे, तेही त्याने विचारलं. सुधीर सगळ्याला "ता काय नाय, करूया" म्हणत होता.

"आणि घालूची खंय?" शेवटी दत्तप्रसादने विचारलं.

"हयच. जुन्या टाकीच्या बाजूक. मागल्या दारी जागा असा ना!"

दत्तप्रसादने मान हलवली. एवढं वाचून आलेला मुलगा, पण मागलं दार म्हटल्यावर त्यालाही काही खटकलं नाही.

"फुडें घाला," पार्वती दारातून म्हणाली.

"काय?"

"फुडें. बावीच्या खाली, गेटीकडे."

"मामी, तुळशीसमोर? घराच्या तोंडार?" सुधीर हसायलाच लागला. "लोक काय म्हणतले?"

"माका म्हणतले. तुका नाय." ती दोन पायऱ्या उतरून अंगणाच्या या अंगाला आली. इतकी वर्षं जिथे ती नाक धरून यायची, तिथे सरळ माझ्या लादीवर येऊन उभी राहिली. "पावसाचा पाणी खयसून खंय जाता ता दिसता मा तुमका? मगे? घाण वर ठेवन पाणी खाली पितलात?" मग तिने मुलाला विचारलं, "ती नवी भरतली मगे?"

"भरतली, आये. भरली की गाडी बोलवची."

"मगे बरी."

काम सुरू झालं तशी सुलोचना आली. तिचं म्हणणं रास्त होतं, आता घाण खाली आली म्हणजे रस्त्यापलीकडच्या आमच्या विहिरीचं काय? या वेळी दत्तप्रसाद बोलला. टाकी तळापासून पक्की असेल, तिच्यात पाणी भरून ते उतरतं का ते बघितल्याशिवाय वापरायची नाही, आणि बाहेर पडणारं पाणी तुझ्या बाजूला न सोडता पलीकडच्या कोपऱ्यात खडीच्या चरात सोडायचं, वर केळी लावायच्या. पार्वती तिला म्हणाली, "आणि फिनेल बंद. साबणान घासतलंय." सुलोचना म्हणाली, बघूया हं, आणि रोज येऊन बघत राहिली.

तुळस हलवावी लागली. ती पार्वतीने स्वतः पूजा करून हलवली. विहीर उपसली, औषध टाकलं, पाणी तपासायला दिलं. चांगला दाखला येईपर्यंत रहाटाचा दोर काढून ठेवलाय. येईल की नाही कुणास ठाऊक. माझ्यातून जे जमिनीत गेलंय, ते एका पावसात धुऊन जाणारं नाही.

मग माझा पाइप तोडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी गाडी आली, मला उपसलं, चुना टाकला, आणि आता चिऱ्यांचे तुकडे नि माती टाकतायत. घरातलं काही ऐकू येत नाही. मागल्या दारी कुणी बोललं तरच.

गौरवीला दिवाळीनंतर मुलगी झाली. नवी टाकी चालू झाली, स्वयंपाकघरात नळाचं पाणी गाळून उकळून ठेवायची सोय झाली, ते दत्तप्रसादने कोरगावला जाऊन सांगितलं. काल ती घरी आली. संध्याकाळी बाळाला खांद्यावर घेऊन मागल्या दारी आली, सवयीने. पार्वती तिच्या मागून आली.

"गौरवी," ती म्हणाली, "ता जत्रेतला नव्हता गो."

गौरवी बाळाला थोपटत राहिली. "माका ठाऊक असा."

"मी सगळ्यांक सांगत फिरलंय, तिणां खाल्लान म्हणान..."

"मी त्या दिवशी जत्रेत कायच खाल्लेला नाय, आई. पोटात ढवळत होता. ओटी भरलंय आणि तशीच घरी इलंय. दमलंय म्हणान तुम्हीच माका तांब्याभर पाणी दिलात. बावीतला, ताजा काढून."

गौरवीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पार्वतीला बरं वाटलं असतं. मग पार्वती रडायला लागली, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता. गौरवीने बाळ तिच्या हातात दिलं नाही. पण ती आत निघूनही गेली नाही.

मला वाईट वाटलं. दोघींचंही. खूप दिवसांनी काहीतरी वाटलं, तेही पोटात माती भरल्यावर.

तुम्ही घर बांधाल तेव्हा माझ्यासाठी एवढं करा. पाऊस पडत असताना एकदा छत्री घेऊन घराभोवती फिरा आणि पाणी कुठून कुठे जातं ते बघा. लाज, रीत, लोक काय म्हणतील, ते नंतर. आणि टाकी भरतच नसेल तर मिरवू नका, घाण जाते कुठे ते शोधा. सकाळी मातीची शेवटची खेप येणार आहे. वर गौरवी पुन्हा अळू लावेल असं वाटत नाही. बरं, निरोप द्या.